पक्षी बघायला घाटावर जायचंय – आंबोली, दाजीपूर की तिलारी? आणि कुठल्या महिन्यात?

सड्यावरची
नमस्कार मंडळी. मी मालवणची. समुद्राकडचे पक्षी आम्हाला तसे घरबसल्या दिसतात. थंडीत किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात, खाडीत बगळे आणि तुतारी, सड्यावर टिटव्या आणि चंडोल. आता डोंगरातले पक्षी बघायचेत. यादी मोठी नाही : धनेश (कुठलाही चालेल), शीळकरी कस्तूर आणि जमलाच तर मलबारी कर्णा.

सोबत पाचवीतली लेक, सासरे आणि नणंदेचं कुटुंब. सासऱ्यांना सपाटीवर कितीही चालवा, चढ मात्र नको म्हणतात. शनिवार-रविवार जोडून जायचा बेत आहे. ८×४२ ची दुर्बीण आहे, कॅमेरा मोबाईलचाच. पावसात आंबोलीला सगळेच जातात तसे आम्हीही जाऊन आलोय. धुकं, धबधबा, कणसं आणि गाड्यांची रांग. पक्षी म्हणाल तर कणसाच्या गाडीवरचे कावळे.

महिना कुठला धरू? आणि वाटाड्या घ्यावा का?

घाटमाथा
ताई, पावसाळ्यातली आंबोली बेडूक-सापवाल्यांची. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथे, दुर्बिणीच्या काचा पुसण्यातच दिवस जातो. मलबारी चापडा साप बघायला, किंवा २००९ मध्ये जगाला नव्याने कळलेला तो आंबोली टोड बघायला लोक लांबून येतात ते त्या दिवसांत. पक्ष्यांसाठी तो काळ नव्हे.

तुमच्या यादीतच एक गोची आहे. कस्तुराची शीळ ऐकायची तर एप्रिल-मे उजाडायला हवा, खरा गळा मोकळा होतो तो पावसात. थंडीत तो ओढ्याकाठी दिसतो, पण कर्कश ‘क्रीऽ’ करून उडून जातो. कर्णा आणि धनेश स्वच्छ दिसायला मात्र डिसेंबर ते मार्च बरा. म्हणून माझं मत, फेब्रुवारीचा शेवट किंवा मार्चचा पहिला आठवडा. हिमालयाकडून आलेले निलांग, निळ्या टोपीचे कस्तूर अजून गेलेले नसतात आणि इथले पक्षी वीणीच्या तयारीला लागलेले असतात.

जागा म्हणाल तर सासऱ्यांसाठी आंबोलीतला हिरण्यकेशीच्या देवळाचा रस्ता. जवळजवळ सपाट आणि दोन्हीकडे दाट झाडी. उजाडताना पोचा, गाडी लांब लावा. देवळाकडे गर्दी सुरू व्हायच्या आत रस्त्याकडेलाच निम्मं काम होतं. कुंडातला मासा लेकीला जरूर दाखवा. त्या छोट्याशा माशामुळे २०२१ मध्ये त्या जागेला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. दुसऱ्या सकाळी चौकुळ. तिथे जंगल संपून गवताळ माळ लागतो आणि पक्षी एकदम बदलतात. ऊन चढलं की कावळेसादला कड्यावर बसायचं. दरीतून गरम हवा वर यायला लागते आणि तिच्यावर सर्पगरुड, काळा गरुड पंख न हलवता चढत जातात. काळा गरुड झाडांच्या शेंड्यांना घासून इतका सावकाश का उडतो, तर तो दुसऱ्यांची घरटी शोधत असतो. हे लेकीला सांगा, मग ती जागची हलणार नाही.

कर्ण्याबद्दल वेगळं सांगतो. तो शोधून सापडत नाही. जंगलात मिश्र थवे फिरतात, त्यांच्यात बहुतेक वेळा भृंगराज असतो. सातभाईंच्या जातीतले पक्षी खाली पाचोळा उलथत जातात, त्यामुळे उडालेले किडे भृंगराज वरच्यावर टिपतो. असा थवा आला की तिथेच थांबा आणि मधल्या उंचीच्या फांद्या बघा. कर्णा बऱ्याचदा थव्याच्या मागे मागे असतो. नराचं पोट लालभडक असतं खरं, पण हा पठ्ठ्या माणसाकडे पाठ करून बसतो आणि पाठ तपकिरी. तासभर समोर असून न दिसलेली माणसं मी पाहिलीत.

पुणेरी_लेन्स
छान माहिती. मी मार्चमध्ये येतोय, ६०० एमएमची लेन्स आहे. महाधनेशाच्या घरट्याचं नक्की लोकेशन कोणी व्यनि (खाजगी निरोप) करेल का? नर मादीला भरवतानाचा फोटो हवाय.

देवगडचो_झील
ताईनू, घाट कित्याक चढतास? आमच्या बागेत येवा. उंबर पिकले काय गरुड येतत. तुमी तेका धनेश म्हणतास, आमच्या हय गरुडच. सकाळी उन्हां तापाच्या आदी येतत नि मग दोपारची काजऱ्यार. काजऱ्याची बी माणसाक जहर, पण ह्ये फळ गिळतत आणि बियो परत भायर टाकतत. आमच्या आज्यान काजऱ्याचा झाड कदी तोडूक दिल्यान नाय. चाय मी देतंय, दुर्बीण तुमची.

घाटमाथा
झील म्हणतो ते शंभर टक्के खरं. कवड्या धनेश बघायला घाट चढायची गरजच नाही. उलट पायथ्याच्या बागा, परसू आणि देवराया हेच त्याचं खरं घर. डोंगरावरच्या दाट सदाहरित रानात मलबारी राखी धनेश जास्त. त्याला शिंगासारखा तो चोचीवरचा फुगवटा नसतो, आणि ओरडतो असा की कोणीतरी खदाखदा हसतंय. महाधनेश दोन्हीकडे, पण विरळा. तो येताना आधी ऐकू येतो : पंखांचा घुंऽघुं आवाज, वाफेचं इंजिन लांबून यावं तसा. त्याच्या पंखांतल्या मोठ्या पिसांची मुळं खालच्या बाजूने उघडी असतात, त्यांच्यातून हवा जाते, त्याचा तो आवाज.

सड्यावरची ताई, धनेशासाठी एकच नियम : पक्ष्यामागे धावू नका, फळाला आलेलं झाड शोधा. उंबर, वड, नांदरूक यांपैकी काहीही. सासऱ्यांना खाली खुर्ची टाकून द्या. हरियाल, तांबट, कुटुर्गे, नीलपरी सगळे तिथेच येतील. हरियाल आपला राज्यपक्षी, पण पानांत असा मिसळतो की फांदी हलली तरच कळतो.

आजोबा_चिपळूण
पुणेरी लेन्स यांना उत्तर मी देतो, कारण गावात असा एक वृक्ष मी बरीच वर्षं सांभाळून आहे.

लोकेशन मिळणार नाही. राग मानू नका, कारण सांगतो. धनेशाची मादी ढोलीत शिरते आणि आतून विष्ठेने, चिखलाने तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढी फट ठेवते. आत गेल्यावर तिची उडायची पिसं गळतात. म्हणजे तिला बाहेर येऊन उडताच येत नाही. अंडी, पुढे पिल्लं आणि ती स्वतः, या सगळ्यांचं पोट एका नरावर. तो दिवसभर फळं गोळा करून आणतो, घशातून एकेक काढून फटीतून देतो. आता तुम्ही झाडाखाली तिवई लावून बसलात की तो लांबच्या झाडावर येऊन थांबतो. घशात फळं घेऊन. तुम्ही उठेपर्यंत येत नाही. तुम्ही उठलात की दुसरा येऊन बसतो, कारण तुम्ही त्याला लोकेशन दिलेलं असतं.

एका मोसमात आमच्या झाडाखाली ओळीने गाड्या लागल्या. नर दुपार दुपार आला नाही. तेव्हापासून वाडीने ठरवलं, झाड कुठलं ते बाहेर सांगायचं नाही. ढोलीत पिल्लू असताना तर नाहीच.

पुणेरी_लेन्स
काका, समजलं. पण सगळेच फोटोग्राफर तसे नसतात. लपणं लावून, लांबून काढता येतं. फोटोंमुळेच लोकांना पक्षी माहीत होतो ना? तिबोटी खंड्याचे फोटो आले नसते तर कोकणात असा पक्षी आहे हे मुंबई-पुण्याला कळलंही नसतं.

पाणकावळा
तिबोटी खंड्याचं नावच काढलंत ते बरं केलंत. बोटभर नाही, पण मुठीत मावेल एवढा पक्षी. पावसाच्या तोंडावर येतो, ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बीळ कोरतो, सप्टेंबर-ऑक्टोबरला निघून जातो. सगळी वीण त्या पावसात उरकायची. पाली, खेकडे, बेडूक, कोळी आणून पिल्लांना घालायचे. आणि बिळासमोर दहा हातांवर माणसांची रांग, कोणाला चोचीत पाल हवी तर कोणाला चोचीत बेडूक. काही ठिकाणी चांगली फांदी नाही म्हणून फांदी आणून रोवतात! फोटोत गंमत वाटते, बाहेरून बघितलं की लाज वाटते.

घाटमाथा
लपण्याचं मान्य. फळाच्या झाडाजवळ लपण लावा, कोणाचं काही बिघडत नाही, आणि फोटोही तिथे जास्त चांगले मिळतात, कारण धनेश तिथे फळ वर उडवून झेलतो. घरट्याजवळ नको एवढंच.

तीच गोष्ट मोबाईलवर आवाज लावण्याची. मार्चमध्ये कर्ण्याचा आवाज लावलात तर तो येईलही. पण का येतो? दुसरा नर आपल्या हद्दीत घुसला असं समजून, हातातलं काम टाकून येतो. दिवसात पाच गट आले आणि पाचही जणांनी आवाज लावला तर त्याने घर कधी करायचं?

सड्यावरची
बाप रे, धागा कुठून कुठे गेला! पण चांगलं झालं. आवाज लावणार नाही. आवाजावरून पक्षी ओळखणारं मर्लिन ॲप नुसतं ऐकायला वापरलं तर चालेल ना? लेकीला फार आवडतं ते.

पाणकावळा
ऐकायला जरूर. फक्त भृंगराजापासून सावध. तो मोरघारीपासून तांबटापर्यंत कोणाचीही नक्कल करतो, ॲप एका झाडावर पाच पक्षी दाखवतं आणि लेक यादीत पाचही लिहून मोकळी होते. पक्षी डोळ्यांनी दिसल्याशिवाय यादीत घ्यायचा नाही असं ठरवून टाका.

दोडामार्ग_नर्स
तिलारीचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहिते. तिलारी सुंदर आहे, २०२० मध्ये संवर्धन राखीव क्षेत्र झालं, फ्रॉगमाउथसारखा पक्षी दिवसा वाळक्या पानासारखा बसलेला दाखवणारी जाणकार पोरं आहेत इथे. पण दोन गोष्टी माहीत असाव्यात.

पहिली, हत्ती. २००२ मध्ये कर्नाटकातून आले, तेव्हापासून या खोऱ्यात त्यांची ये-जा आहे. पहाटे अंधारात स्थानिक माणसाशिवाय आत शिरायचं नाही.

दुसरी, माकडताप. २०१६ पासून दोडामार्ग आणि बांदा भागात याचे रुग्ण सापडलेत. हा ताप गोचिडीतून येतो, आणि जोर असतो नेमका जानेवारी ते मे, म्हणजे तुम्ही पक्ष्यांना येता तेव्हाच. घाबरवायला सांगत नाही. पूर्ण बाह्यांचा सदरा, लांब पँट, पँटचं टोक मोज्यात खोचलेलं. अंगाला गोचीड पळवणारं तेल, आमच्याकडे आरोग्य केंद्रात मिळतं. पाचोळ्यावर बसायचं नाही, लोळायचं नाही, मुलांना तर नाहीच. परत आल्यावर गरम पाण्याने अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे, काखा आणि कानामागे बघायचं. मेलेलं माकड दिसलं तर जवळ जायचं नाही, वनखात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवायचं. आणि आठवड्याभरात जोराचा ताप आलाच तर डॉक्टरला आधी सांगायचं, दोडामार्गच्या रानात गेलो होतो म्हणून. शहरातल्या डॉक्टरला आपणहून सुचेलच असं नाही.

सड्यावरची
नर्सताई, मनापासून आभार. हे कुठल्याही सहलीच्या माहितीत लिहिलेलं नसतं. लहान मूल आहे म्हणून तिलारी यंदा नको.

कणकवलीकर
दाजीपूर? फोंडाघाटातून वर गेलं की आलंच. राधानगरी अभयारण्य, २०१२ च्या जागतिक वारसा यादीत असलेलं. गवे हमखास. पण आतल्या रस्त्यांवर वनखात्याची गाडी आणि वेळा पाळाव्या लागतात, पावसाळ्यात बंद असतं. पायी रमतगमत बघायला आंबोलीच बरी.

रायगडी_वारा
उत्तर कोकणातल्यांसाठी : म्हसळा तालुक्यातलं चिरगाव. गिधाडं. कधीकाळी गावोगाव असायची, जनावरांना टोचलेल्या डायक्लोफेनॅकमुळे भारतभर संपत गेली, २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद झालं. इथे गावाने उंच झाडं राखली म्हणून काही टिकली. मालवणहून फार लांब पडेल, पण कधी अलिबागकडे आलात तर.

आजोबा_चिपळूण
रायगडी वारा यांनी ‘गावाने झाडं राखली’ लिहिलं, त्यावरून मूळ मुद्दा सांगून टाकतो.

सड्यावरची, तुम्ही आंबोलीला जाल, तिथे वनखातं आहे, संवर्धन राखीव क्षेत्र आहे, सगळं आहे. पण आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी जंगल नावापुरतं. डोंगर दिसतो तो कोणाच्या तरी सातबाऱ्यावर. त्यामुळे धनेशाची ढोली असलेला जुना आंबा, बेहडा, सात्विण हे कोणाच्या तरी मालकीचं झाड असतं. कायद्याने पक्षी संरक्षित, १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला. झाड मात्र त्या कायद्यात नाही. घरात लग्न निघालं, कोणाचं आजारपण निघालं, की ठेकेदार दारात उभा. रायवळ आंब्याची फळी हापूसच्या पेट्यांना जाते, बाकीचं जळाऊ. ढोली असलेलं झाड तर आतून पोकळ, ‘कामाचं नाही’ म्हणून आधी जातं. आणि अशी ढोली व्हायला झाडाचं वय किती लागतं ते तुम्हीच ताडा. नवीन लावलेल्या झाडात तुमच्या नातवाच्या हयातीतसुद्धा धनेश शिरेल की नाही सांगता येत नाही.

देवराईतली झाडं देवाच्या धाकाने राहिली. खाजगी झाडं राहायची असतील तर मालकाला त्यातून काही मिळायला हवं. आमच्या वाडीत काही वर्षांपूर्वी एक झाड जायच्या वाटेवर होतं. मालकाला पैशांची नड होती, लबाड नव्हता. आम्ही चारजणांनी वर्गणी काढून त्याच्या नडीपुरते दिले आणि झाड राहिलं. दरवर्षी असं करता येत नाही हेही खरं.

देवगडचो_झील
काका, बरोबर. माझो चुलतो म्हणता, पक्षी बघूक येतत ते बागेत फिरतत, फोटो काढतत, आणि जाताना ‘काका, येतो हां’ म्हणान जातत. एक आंब्याची पेटी घेऊची अक्कल नाय कोणाक. मग तो उंबर तोडीत नाय तर काय करीत? उंबराचो हापूसाक काय उपेग?

पुणेरी_लेन्स
झील, हे पटलं. मार्चमध्ये तुमच्याकडे आलो तर चालेल का? फळाच्या झाडावरचे फोटो काढीन, घरट्याकडे जाणार नाही. राहण्या-जेवणाचे आणि सकाळच्या वेळेचे रीतसर पैसे. शिवाय पेटी, पण मार्चमध्ये हापूस तयार असेल का?

देवगडचो_झील
मार्चात सुरवातीचो असता, म्हाग असता. येवा. बायलेक इचारतंय जेवणाचा. मासे खातास काय शाकाहारी?

पुणेरी_लेन्स
मासे!! सगळे.

आजोबा_चिपळूण
लेन्सराव, फोटोखाली गावाचं नाव टाकू नका, नुसतं ‘सिंधुदुर्ग’ लिहा. आणि मोबाईलमधलं जागेचं सेटिंग बंद करून मगच चढवा. फोटोसोबत जागा आपोआप जाते हे पुष्कळांना ठाऊकच नसतं.

घाटमाथा
ई-बर्डवर (पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर) नोंद केलीत तरी चालेल. काही नाजूक जातींची जागा ते स्वतःच उघड दाखवत नाहीत. पण निरीक्षणाच्या शेऱ्यात ‘अमक्याच्या घरामागचा बेहडा’ असं लिहून ठेवणारे महाभाग आहेत, ते करू नका.

सड्यावरची
तर बेत बदलला. सासऱ्यांनी हा सगळा धागा चष्मा लावून वाचून काढला आणि म्हणाले, झीलाकडे आधी जाऊ, घाट नंतर. मार्चच्या पहिल्या शनिवारी पहाटे देवगडला बागेत, उंबराखाली. रात्री कुडाळला नणंदेकडे, रविवारी अंधारातच निघून आंबोली, हिरण्यकेशीचा रस्ता, मग दुपारपर्यंत कावळेसाद आणि खाली. चौकुळ राहील, पण लेकीची परीक्षा जवळ, सोमवार बुडवता येत नाही. कस्तुराच्या शिळेसाठी मे महिन्यात तिला सुट्टी लागली की पुन्हा.

झील, आमची सहा माणसं. दोघं शाकाहारी. आणि आम्ही येऊ तेव्हा लेन्सराव तिथे असतील का? असतील तर एकाच दिवशी दोन गट नकोत, आम्ही एक आठवडा पुढे जातो.

पुणेरी_लेन्स
मी तिसऱ्या आठवड्यात. तुम्ही आधी जाऊन या, उंबर कुठवर पिकलेत ते इथे लिहा.

देवगडचो_झील
एक उंबर आत्ताच लागलो हा, मार्चापर्यंत तेचो संपात. पण व्हाळाकडचो दुसरो उशिराचो, तो तेव्हा भरात. ताईनू, सासऱ्यांका सांगा, खुर्ची आसा.